बोला, तात्या

आमच्या कंपनीत भर मे महिन्यात स्वेटर घालून येणारा एकच माणूस होता. चाकणच्या उन्हात गाडीच्या सीटला हात लावता येत नाही अशा दिवसांत हे गृहस्थ कुरुळीहून सायकलवर, अंगात तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर घालून, गेटवर हजर व्हायचे. नवीन वॉचमन बघतच राहायचा. तात्या त्याला समजावायचे, "आमचं काम थंडीतलं हाय, भावा." ते खोटंही नव्हतं. सुट्या भागांची मापं घ्यायची आमची खोली बारा महिने एसीत असते, कारण लोखंड उन्हानं फुगतं आणि मग मापाला काही अर्थ राहत नाही. त्या खोलीत तात्यांनी एकतीस वर्षं काढली. स्वेटर त्यांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, विणलेला होता आणि कोपरं नसल्यामुळे तो कोपरात फाटण्याचा प्रश्नच नव्हता, असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे.

पगाराच्या चिठ्ठीवर ज्ञानोबा मुऱ्हे, बाकी सगळ्यांचे तात्या. मूळचे कुरुळीचेच. आपण नोकरीला आलो हे त्यांना मान्य नव्हतं. "मी हितंच हुतो. कंपनी आली," असं ते म्हणत. आमचं कँटीन जिथं उभं आहे तिथं त्यांचं भुईमुगाचं वावर होतं. डाळ पातळ झाली की ताटाकडे बघून म्हणायचे, "ह्या जागंत भुईमूग झ्याक यायचा. डाळ काय न्हाई येत." पण जमीन गेल्याची हळहळ त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकली नाही.

मी लातूरकडचा. आठ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, कंबर गेली, म्हणून साहेबांनी मला तात्यांच्या खोलीत पाठवलं. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. तात्यांनी मला नाव विचारलंच नाही. "कुठला?" म्हणाले. मी लातूर म्हटलं. त्या दिवसापासून मी लातूरकर.

"लातूरकर, टोपी काढ."

मी काढली. त्यांनी माझ्या डोक्यावरचा एक केस उपटला, जाडी मोजायच्या मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत धरला आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. मग त्या खोलीची पद्धत सांगितली. मापणारा एक, लिहिणारा एक. लिहिणाऱ्यानं "बोला" म्हणायचं. मापणाऱ्यानं आकडा सांगायचा. लिहिणाऱ्यानं लिहून तो उलट म्हणून दाखवायचा. मापणाऱ्यानं "बरोबर" म्हटलं की मगच तो आकडा खरा. मधली एक पायरी गाळली तरी तात्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"म्हन."

"बोला, तात्या."

"सात."

"सात."

"बरोबर."

मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले सात, एवढा माझा केस जाड. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी त्याची नोंद केली. त्या पानावर खोलीत येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या केसाचं माप होतं. सगळ्यात वर "स्वतः – आठ", तरुणपणचं. खाली कुणी साहेब, कुणी ऑडिटर, कुणी बदलून गेलेला. एका टकल्या मॅनेजरपुढे नुसती आडवी रेघ होती.

नंतरची नऊ वर्षं आम्ही दोघं रोज तेच बोललो. बोला, आकडा, आकडा, बरोबर. दिवसाला चारपाचशे वेळा. बायको म्हणायची, झोपेत तुम्ही "बरोबर" म्हणता. घरी तिनं बाजारहाट सांगितला तरी मी तो उलट म्हणून दाखवायला लागलो होतो.

न मापलेल्या वस्तूवर तात्या सही करत नसत. एकदा माल भरायची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि प्रॉडक्शनचे साहेब रिपोर्ट घेऊन स्वतः खोलीत आले.

"तात्या, सही करा. कालच्यासारखाच लॉट आहे. मी सांगतोय ना."

"तुमी म्हंता तर आसंल बरोबर, साहेब. पन मी बघितलं न्हाई."

साहेब तापले. वर जाईन म्हणाले. तात्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पन्नासच्या पन्नास नग शांतपणे मापले. सगळे बरोबर निघाले. साहेब म्हणाले, "बघा! ओकेच होते ना?"

"व्हय. आता हायती. मगाशी न्हवते," तात्या म्हणाले आणि सही केली.

कागदांच्या बाबतीतही तसंच. कंत्राटी कामावर साफसफाई करणाऱ्या मंगलताई होत्या, बीडच्या. एकदा गेटबाहेर छत्री लावून एक माणूस बसला. आधारची झेरॉक्स द्या, मशीनवर अंगठा लावा, मिक्सर घेऊन जा, अशी त्याची स्कीम. मंगलताई हातात झेरॉक्स घेऊन निघाल्याच होत्या. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कशापायी मागतोय त्यो कागद?"

"स्कीम हाय म्हनला, तात्या."

"म्हंजे कशापायी?"

मंगलताईंना ते सांगता येईना. तात्यांनी झेरॉक्स घेतली, तिच्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या आणि मध्ये लिहिलं, 'फक्त कंत्राटदाराच्या हजेरीसाठी', खाली तारीख. "आता खुशाल दे. घेतोय का बघ." छत्रीवाल्यानं ती घेतली नाही. अंगठ्याचं तर तात्यांनी नावच काढू दिलं नाही. दोनेक महिन्यांनी छत्री गायब झाली, आणि मिक्सर नेलेल्या बायकांना न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन सुरू झाले. मंगलताईंना नाही आला. त्यानंतर त्या दर सोमवारी तात्यांना धपाटे आणायच्या, आणि पूर्ण शॉपमधले लोक झेरॉक्स घेऊन तात्यांकडे रेघा मारायला यायचे. कोरी झेरॉक्स म्हणजे कोऱ्या कागदावरची सही, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. अशा माणसाला कोण फसवणार, असं मला खरोखर वाटायचं.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्यांना मायक्रोमीटर दिला. शाल-श्रीफळापेक्षा त्याच्यावरच ते खूश झाले. पेटी उघडून तिथल्या तिथं शालीचा धागा मापला.

पुढं काकींचे गुडघे अगदीच गेले. दोन्ही बदलावे लागतील म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांनी निवृत्तीची ठेव मोडून रक्कम खात्यात आणून ठेवली, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि दोघं पिंपळे सौदागरला लेकीकडे, सुरेखाकडे, राहायला गेले. तिची सोसायटी लिफ्टवाली, हॉस्पिटल जवळ. तिनंच त्यांना मोठा फोन घेऊन दिला. एका रविवारी तात्यांचा मला फोन आला, "लातूरकर, ह्यो डबा चालू करून दे."

मी गेलो. दुपारी मला मेव्हण्याकडे जायचं होतं, म्हणून घाईत होतो. सिम अजून जुन्या बटणाच्या फोनमध्ये होतं, तो तात्यांच्या हातात. नवा माझ्या हातात. एकेका ॲपमध्ये नाव नोंदवलं की जुन्या फोनवर सहा आकडे यायचे, ते नव्यात भरायचे. पहिला मेसेज आला. तात्यांनी चष्मा वर केला आणि पूर्ण वाचला. ते सगळंच पूर्ण वाचत.

"लातूरकर, खाली लिवलंय, ह्यो आकडा कुनाला सांगू नका."

"अहो तात्या, ते सगळ्यांनाच येतं," मी म्हणालो. "बोला."

बोला म्हटलं आणि तात्यांचा चेहराच बदलला. पाठ ताठ झाली. त्यांनी एकेक आकडा सुटा, खणखणीत सांगितला. मी उलट म्हटला. "बरोबर," तात्या म्हणाले. दुसरा आला, तिसरा आला. आतून काकी हसायला लागल्या, "झाली का दोघांची कंपनी सुरू!" आम्हाला दोघांनाही फार बरं वाटलं. मी पाचसहा आकडे त्यांच्याकडून असे वदवून घेतले, चहा घेतला आणि मेव्हण्याकडे गेलो. फोन चालू झाला होता. मी त्या रविवारी दुसरं काय चालू करून दिलं ते मला नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण अजून जिवंत आहोत याचा. त्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास तात्यांना फोन आला. सुरेखा आणि जावई कामावर, काकी बाल्कनीत. पेन्शन कार्यालयातून बोलतोय, तुमचा दाखला अडकलाय, असं समोरचा म्हणाला. आता तात्या काही लगेच ऐकणारे नव्हेत. त्यांनी त्याला विचारलं, माझी रुजू व्हायची तारीख सांग. त्यानं सांगितली. निवृत्तीची सांग. तीही सांगितली. पेन्शनचा नंबर? तोही बरोबर. कुठून कुठून फुटलेले कागद त्याच्यापर्यंत पोचले असतील देव जाणे. तात्यांच्या हिशेबानं त्यांनी माणूस मापून बघितला होता आणि तो पास झाला होता.

मग त्यानं एटीएम कार्डावरचे आकडे घेतले. मग मेसेज आला. तात्यांनी चष्मा वर केला, पूर्ण वाचला आणि विचारलं, "खाली लिवलंय की कुनाला सांगू नका."

"ते सगळ्यांनाच येतं, काका," समोरचा म्हणाला. "बोला."

तीन वेळा मेसेज आला. तीन वेळा तात्यांनी आकडा सांगितला, त्यानं उलट म्हणून दाखवला, आणि तात्या "बरोबर" म्हणाले. काकींचे दोन्ही गुडघे अशा रीतीनं दहा मिनिटांत गेले.

पिन त्यांनी दिला नव्हता. नंतर मला म्हणाले, "पिन माजा हाय, त्यो मी कसा देईन? पन ह्यो आकडा तर तिकडूनच आलेला. मी नुस्ता वाचला." आणि पुढं म्हणाले, "त्यानं उलट म्हनून दाखवलं, लातूरकर. चोर कधी उलट म्हनून दाखवतो का?"



पण हे सगळं मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तिथंच घात झाला. पैसे गेल्याचं तात्यांना त्याच दुपारी समजलं होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं आरडाओरडा केला असता, शेजाऱ्याला बोलावलं असतं, बँकेत पळाला असता. तात्या टेबलाशी बसले आणि त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला. एखादा नग नापास झाला की आमच्याकडे जो लिहायचा असतो तोच. काय घडलं, कधी, कुठल्या क्रमानं, कारण, जबाबदार, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. रिपोर्ट पुरा झाल्याशिवाय तक्रार वर न्यायची नाही ही त्यांची एकतीस वर्षांची शिस्त. एक पान खोडलं, दुसरं घेतलं. पट्टीनं रकाने आखले. दोन दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सुरेखाचा मला फोन आला, "दादा, बाबा जेवत नाहीयेत. नुसते लिहीत बसलेत. तुम्ही येता का?"

मी अर्धी सुट्टी टाकून गेलो, ऐकलं, आणि तसाच त्यांना मागं बसवून पोलिसांच्या सायबर शाखेत घेऊन गेलो. बँकेला वाटेतच कळवलं. सायबर शाखेतल्या मॅडम तरुण होत्या, भल्या होत्या. त्यांनी तात्यांचा रिपोर्ट सगळा वाचला.

"आजोबा, इतकं व्यवस्थित लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हेच तुम्ही परवा दुपारी फोनवर, तोंडी, कसंही सांगितलं असतं ना, तर पैसे वाटेत अडवायला काही तासांचा तरी वाव होता. आता ते खूप खात्यांतून पुढं गेलेत."

"अर्धवट कसं सांगायचं?" तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मॅडम कागदांच्या प्रती काढायला आत गेल्या. बाकावर बसल्या बसल्या मी रिपोर्ट हातात घेतला. कारणाच्या रकान्यात तात्यांनी आमच्या खोलीतल्या रीतीप्रमाणे पाच वेळा 'का' विचारला होता. दोष सापडला की पाच वेळा का विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं, असं ते नेहमी सांगत.

पैसे का गेले? आकडा सांगितला. आकडा का सांगितला? समोरच्याने 'बोला' म्हटले. सूचना वाचली असूनही का सांगितला? 'ते सगळ्यांनाच येते' असे तो म्हणाला. त्यावर विश्वास का ठेवला? हेच वाक्य पूर्वी एका जाणत्या माणसाने सांगितले होते.

पाचवा का लिहिलेला होता. त्याच्यापुढची जागा मोकळी होती. खाली, जबाबदार: ज्ञा. मुऱ्हे.

मी तो रकाना पुन्हा पहिल्यापासून वाचला. तात्या समोरच्या पंख्याकडे बघत होते.

"तात्या, पाचवा मोकळा ठेवलाय."

"ऱ्हायला भरायचा."

"ते वाक्य माझं आहे, तात्या."

"ध्यानात हाय माज्या."

"मग मी भरू?"

"ऱ्हाऊ दे. जबाबदार लिवलाय खाली."

तुझी काय चूक त्यात, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. कुणीही म्हणालं असतं. माणसं एकमेकांना बरं वाटावं म्हणून असं बोलतातच. तात्या बोलले नाहीत. जे मापात बसत नाही त्याच्यावर त्यांनी आयुष्यात कधी सही केली नव्हती आणि माझ्यासाठीही केली नाही. याचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी मला तेवढं खरं तरी दिलं.

पैसे आले नाहीत. जावई ऑपरेशनचा खर्च करायला तयार होते, तात्यांनी ऐकलं नाही. काकीच म्हणाल्या, "माजं गुडघं कुठं पळून चाललेत? ऱ्हाऊ द्या." दोघं कुरुळीला परत गेले.

आता आमच्या खोलीत नवा माणूस आला की त्याच्या केसाचं माप मी घेतो आणि पुढचं पण सांगतो. मोबाइलवर आलेला आकडा मेसेजमध्येच राहू द्यायचा, तोंडानं कुणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, साहेबाला नाही, मला तर नाहीच. आपली माहिती बरोबर सांगितली म्हणून माणूस खरा ठरत नाही. आणि गेलेच पैसे तर आधी फोन, रडत का होईना, रिपोर्ट नंतर. पोरं मान डोलावतात. हे मी एका रविवारी, पिंपळे सौदागरला, मेव्हण्याकडे जायच्या आधी सांगायला हवं होतं. पाच मिनिटं लागली असती.

गेल्या उन्हाळ्यात कुरुळीला गेलो होतो. काकी काठी टेकत दारापर्यंत आल्या, चेहऱ्यावर हसू आणून. तात्या ओट्यावर बसले होते, अंगात स्वेटर नव्हता. स्वेटरशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. काकींनी हळूच गाऱ्हाणं सांगितलं. तात्या आता तोंडानं आकडा बोलत नाहीत. किती वाजले विचारलं तर मनगट पुढं करतात. दुकानात किती किलो ते बोटांनी दाखवतात. पाहुण्यांनी वय विचारलं तर म्हणाले, कशाला पायजे? "तू सांग की त्येंना," काकी मला म्हणाल्या. "तुजं ऐकत्यात."

मी कपाटातून मायक्रोमीटर काढून आणला. म्हटलं, "तात्या, वहीत तुमचं माप तरुणपणचं आहे. आज काय येतंय बघू." त्यांना आवडलं ते. स्वतःच एक पांढरा केस उपटला, जबड्यांत धरला, चक्र हलक्या हातानं फिरवलं. हात अजून तसाच स्थिर होता. मी खिशातून पेन्सिल काढली, कागद मांडीवर घेतला, आणि नऊ वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं,

"बोला, तात्या."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग मायक्रोमीटर स्वतःकडे वळवून त्यांनी आकडा मनात वाचला, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, कागद ओढून घेतला आणि त्याच्यावर डाव्या हाताचा आडोसा धरून काहीतरी लिहिलं. कागदाची घडी केली, ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरचं बटण लावलं.

"च्या घेऊन जा, लातूरकर," ते म्हणाले.

चहा घेऊन मी निघालो. त्यांच्या केसाचं माप किती आलं, ते मला कळलं नाही.